बेडूकमासे आणि तांब्याचा हंडा

घरी कुणीही आलं की अण्णा, म्हणजे माझे वडील, मोठ्या हौसेनं सांगत, "आमची धाकटी एम.एस्सी. करते. बेडकाच्या पिल्लांच्या शेपट्या कापते आणि त्या परत कधी उगवतात ते बघत बसते. सरकारनं याला पदवी ठेवली आहे." पाहुणे हसत. मीही हसत असे, पण आतून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. साठ सालच्या पुढंमागं बंगळूरच्या बसवनगुडीतल्या आमच्या आळीत प्राणिशास्त्र शिकणारी मुलगी मी एकटीच होते, आणि बायका मला लग्नाचं विचारायच्या आधी शेपट्यांचं विचारायच्या.

अक्का मात्र हसत नसे. अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. मी चार वर्षांची असताना आमच्या धाकट्या भावाच्या वेळी आई बाळंतपणात गेली. अक्का तेव्हा शाळेत जात होती, ती त्या दिवसापासून गेली नाही. बाळाला गाईचं दूध पाणी घालून बोंडल्यानं पाजायचं, मला न्हाऊमाखू घालायचं, अण्णांचा डबा करायचा, हे सगळं तिच्यावर पडलं. बाळही महिनाभरानं गेलं. मला त्यातलं काहीच आठवत नाही. अक्काला सगळं आठवत असणार, पण ती त्याविषयी बोलत नसे आणि आम्हीही विचारत नसू. तिनं पुढं लग्न केलं नाही. केलं नाही म्हणजे अण्णांनी विचारलं नाही, आणि मी कॉलेजात जायला लागेपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तर अशा अक्काला माझ्या कामाची शिसारी होती. काम तसं साधं होतं. कुठल्या वयाच्या पिल्लाची शेपटी परत येते आणि कुठल्या वयानंतर येत नाही, एवढंच मला बघायचं होतं. पाऊस झाला की तळ्याच्या कडेच्या उथळ पाण्यातून बेडकांची अंडी आणायची, पिल्लं वाढवायची, बर्फाच्या पाण्यात ठेवून त्यांना गुंगी आणायची आणि मेणाच्या बशीवर नव्या ब्लेडनं अर्धी शेपटी उतरवायची. एका दिवसात जखमेवर कातडी धरते. मग तिथं काचेसारखा स्वच्छ, फुगीर टिपका दिसायला लागतो. तो लांबतो. मधला मऊ दोर, त्यावरची मज्जेची नळी, दोन्ही अंगांचे स्नायू, वरखालचा पातळ पडदा, सगळं आपापल्या जागी नव्यानं येतं. नवा भाग जुन्यापेक्षा फिका असतो आणि त्यावर काळे ठिपके कमी असतात. पण पिल्लू तीच शेपटी हलवत पोहतं आणि त्याला काही फरक पडलेला दिसत नाही.

मागचे पाय चांगले फुटले आणि पुढचे बाहेर यायच्या बेताला आले की मात्र ते संपतं. तेव्हा कापलं तर नुसती वर कातडी धरते, पुढं काही येत नाही.

दसऱ्याच्या सुट्टीत कॉलेजच्या प्रयोगशाळेला कुलूप लागायचं, म्हणून पिल्लं मी घरी आणली. मागच्या पडवीत, पेरूच्या झाडाजवळ, मातीच्या कुंड्या आणि काचेच्या बरण्या मांडल्या. अक्कानं पदर नाकाला लावला आणि दोन दिवस मागच्या दारानं जाणं बंद केलं. तिसऱ्या दिवशी मी उठून बघते तर ती कुंडीपाशी उकिडवी बसलेली.

"याचं कापलंस?"

"होय."

"दुखत नाही त्याला?"

"गुंगीत असतं गं."

"आणि गुंगी उतरल्यावर?"

"ते मला कसं कळणार?"

"मग कळत नाही म्हण. दुखत नाही असं कशाला सांगतेस," ती म्हणाली आणि उठून गेली. मला तोंडात मारल्यासारखं झालं. पण दुसऱ्या दिवशी ती परत आली. मी तिला माझं भिंग दिलं आणि शेपटीच्या टोकावरचा तो टिपका दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. त्यानंतर रोज सकाळी तुळशीला पाणी घातल्यावर भिंग घेऊन पडवीत जायचं हा तिचा नेमच झाला. परत आली की आमच्या कानडी वळणाच्या मराठीत मला बातमी द्यायची, "त्या कोपऱ्यातल्या बरणीतलं स्वल्प लांब झालंय बघ." बाजारातून आणलेल्या सोप्पूतली, म्हणजे पालेभाजीतली, कोवळी पानं निवडून ती त्यांच्यासाठी शिजवून ठेवायला लागली. आम्हाला जून पानांची भाजी मिळायची. अण्णा म्हणायचे, आम्हालाही शेपट्या असत्या तर बरं झालं असतं.

एकदा तिनं विचारलं, "मोठं झाल्यावर यांचं शेपूट जातंच ना?"

"होय की. गळून पडत नाही, अंगातच जिरतं."

"मग जाणारच आहे ते परत कशाला उगवायचं?"

"मोठं होईपर्यंत पोहायला नको का?"

ती हसली. "सरी," म्हणजे बरं, असं म्हणाली. "मोठं होईपर्यंत जगायला हवंच की." मी तेव्हा हातातलं काम करत होते. तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

खंडेनवमीच्या दिवशी आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. आमचे पूर्वज म्हणे तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून इकडं आले. घोडे गेले, तलवारी गेल्या, पूजा राहिली. पाटावर अण्णांची दाढीची पेटी, विळी, अडकित्ता, अक्काची कात्री आणि शिवणयंत्राची सुई हे दरवर्षीचं. त्या वर्षी बघते तर त्या ओळीत माझं ब्लेड आणि चिमटे. त्यांनाही हळदकुंकू. "आज त्यांना विश्रांती," अक्का म्हणाली, "आणि त्या पिल्लांनाही." माझा तिच्यावरचा राग त्या दिवशी पुरता गेला.

त्याच दिवशी मी म्हैसूरला निघाले. कॉलेजातल्या मैत्रिणींनी दसऱ्याची मिरवणूक बघायचं ठरवलं होतं. काम नव्हतं, नातं नव्हतं, नुसती मजा होती. पिल्लांचं पाणी दुसऱ्या दिवशी बदलायचं होतं. ते मी अक्कावर सोपवलं. नळाचं पाणी घालू नकोस, त्यात औषध असतं. आडाचं घाल, आणि तेही ताजं नको, गार पडतं. रात्रभर ठेवलेलं घाल. एवढं सांगितलं आणि पिशवी उचलली.

मी स्वतः पडवीतल्या मडक्यात पाणी ठेवत असे. भांडं कुठलं ते मात्र मी तिला सांगितलं नाही. विसरले म्हणावं तर तसंही नाही. आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी ताकीद दिली होती की यांच्या पाण्याला तांब्याचा स्पर्शसुद्धा होऊ द्यायचा नाही. ते दारात माझ्या मनात आलं होतं. पण तांब्याला नावं ठेवली की अक्का शुद्ध-अशुद्धावरून तासभर बोलत बसणार आणि माझी गाडी चुकणार, म्हणून मी तोंड मिटून घेतलं. मडकं समोर आहे, ती मडक्यातलंच घेणार, असं मी मनाला समजावलं.

आमच्या स्वयंपाकघरात तांब्याचा मोठा हंडा होता. आईच्या वेळचा. देवाचं पाणी, पिण्याचं पाणी त्याच्यातच. सणाला अक्का तो चिंचेनं घासायची. घासायची म्हणजे असा की आत तोंड दिसावं. त्या दिवशी संध्याकाळी तिनं तो घासला, आडाचं पाणी भरलं, वर फडकं बांधलं आणि रात्रभर ठेवलं. दसऱ्याच्या सकाळी देवाला त्यातलं दिलं आणि मग पिल्लांना. सण सगळ्यांचा, मग त्यांना मडक्यातलं कशाला, घरातलं सगळ्यात चांगलं पाणी द्यावं, असं तिच्या मनात आलं. हे तिनंच मला नंतर सांगितलं.

मी परत आले ती मिरवणुकीतल्या हत्तींच्या गप्पा घेऊन. अक्का मागच्या पायरीवर बसली होती. कुंड्यांत आणि बरण्यांत सगळी पिल्लं उलटी होऊन तरंगत होती, फिकी पोटं वर. कापलेली, न कापलेली, शेपटी अर्धी आलेली, पुरी आलेली, सगळी. ज्याच्यावर माझा सगळा प्रबंध उभा होता ते सगळं तिथं तरंगत होतं. पावसाचे दिवस संपत आले होते. आता अंडी मिळायची ती पुढच्या वर्षी.

"काल संध्याकाळी मान टाकायला लागली," अक्का म्हणाली. "मी पाला जास्त घातला नाही. नळाचं पाणी घातलं नाही. आडाचंच घातलं. रात्रभर ठेवलेलं." तिचे डोळे सुजले होते. नंतर अण्णांकडून कळलं, दसऱ्याचं जेवण तिनं तसंच टाकलं होतं.

मी मडक्यात हात घातला. मडकं कोरडं होतं. मग आत गेले आणि हंडा बघितला. नव्यासारखा लखलखत होता. चिंचेनं घासलेलं कोरं तांबं आणि त्यात रात्रभर राहिलेलं पाणी. मला सगळं कळलं, आणि जे मी कधी बोलायला नको होतं ते मी त्याच क्षणी बोलले.

"हंड्यातलं घातलंस? विष घातलंस की गं त्यांना. तांब्यानं मेली ती."

चूक माझी होती हे मला बोलतानाच ठाऊक होतं. म्हणूनच आवाज इतका चढला असणार. मी दाणदाण पावलं टाकत बरण्या उचलल्या आणि पेरूच्या बुडाशी रित्या करायला लागले. मग मागून तिचा आवाज आला. अगदी हळू, स्वयंपाकाचं काही विचारावं तसा.

"बाळाला मी त्याच हंड्यातलं देत होते. दुधात घालून. मधूनमधून नुसतंही, चमच्यानं."

मी बरणी घेऊन तशीच उभी राहिले. आता मला 'छे' म्हणायला हवं होतं. कुठल्याही बाईनं म्हटलं असतं. शेजारची अडाणी म्हातारीसुद्धा म्हणाली असती, वेडी का तू, म्हणून. पण मी एम.एस्सी.ला होते. माझ्या डोक्यात आलं, हंड्यात किती तांबं उतरत असेल, पाणी त्यात किती वेळ राहत असेल, महिन्याच्या अर्भकाला किती सोसतं. मला ठाऊक नव्हतं. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हण, हे तिनंच मला कुंडीपाशी बसून सांगितलं होतं. मी विचार करत राहिले. फार वेळ नसेल, एक श्वास घेऊन सोडावा इतकाच. पण ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

मग मी म्हणाले, "छे गं. माणसाचं वेगळं. ही पिल्लं पाण्यातच श्वास घेतात, कल्ल्यांनी, कातडीनं. पाण्यातलं सगळं थेट त्यांच्या अंगात जातं. माणूस पाणी पितो, ते पोटात जातं. आपण सगळे हंड्यातलंच पीत आलो की. मी नाही प्याले? अण्णा नाही प्याले?"

"सरी," ती म्हणाली.

उठून तिनं माझ्या हातातली बरणी घेतली, धुतली आणि पालथी घातली. संध्याकाळी जेवायला वाढलं. मी जेवले. मला भूक लागली होती, आणि त्याचीही मला अजून लाज वाटते.

आठवड्याभरात हंडा दिसेनासा झाला. त्याच्या जागी स्टीलची टाकी आली. अण्णांनी विचारलं तर अक्का म्हणाली, बुडाला गळत होता, शिवाजीनगरला कासाराकडं मोडीत दिला. गळत बिळत काही नव्हता. आईच्या हातचं घरात एवढंच एक मोठं भांडं उरलं होतं. अण्णांना वाईट वाटलं, पण हंड्याविना घराचं काही अडत नाही, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. मी जेवणाच्या पाटावर बसून स्टीलच्या पेल्यानं पाणी पीत होते आणि प्रत्येक घोटाला ती बघते आहे असं मला वाटत होतं.

मी स्वस्थ बसले नाही, एवढं मात्र खरं. आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, पंधरा-वीस वर्षांपूर्वी आईविना राहिलेली निम्मी तान्ही पोरं वरच्या दुधानं जात होती. हगवण लागायची आणि दोन दिवसांत खेळ आटपायचा, तांब्याचा काय संबंध? मी धावत घरी येऊन अक्काला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. "होय, हगवणच होती," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पाण्यानंच होते ना हगवण?" मी परत डॉक्टरांकडं गेले नाही.

पुढच्या पावसाळ्यात मी सगळं पहिल्यापासून केलं. त्या वर्षी पिल्लं कॉलेजातच ठेवली आणि सुट्टीतही तिथल्या शिपायाला गूळ लावून कुलूप उघडून घेतलं. शेपट्या उगवल्या. पाय फुटलेल्यांच्या उगवल्या नाहीत. माझं म्हणणं सिद्ध झालं, पदवी मिळाली आणि कॉलेजात नोकरीही मिळाली. पेढे वाटले तेव्हा अण्णांनी तीच जुनी थट्टा केली. अक्कानं माझी दृष्ट काढली. तिच्या डोळ्यांत मला कुठं राग दिसतो का म्हणून मी बघत होते. राग असता तर बरं झालं असतं, भांडून टाकलं असतं.

माझं लग्न झालं ते दोन गल्ल्या पलीकडंच. मुलगा झाला तेव्हा अक्का आमच्याकडं येऊन राहिली. मी सकाळी कॉलेजला जायची आणि तो दिवसभर तिच्या अंगाखांद्यावर. न्हाऊ घालणं, काजळ, अंगाई, गुटी उगाळणं, भात कालवून भरवणं, सगळं तिनं केलं. मला आई होऊन फक्त मिरवायचं उरलं होतं. घरात दिवसा कामाला बाई होती. तिनंच एकदा सहज सांगितलं, "अक्का बाळाला पाणी तेवढं मला पाजायला लावतात." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. अशा गोष्टी न ऐकण्यात मी तोवर तयार झाले होते.

एक रविवार होता. बाई आली नव्हती. मी स्वयंपाकघरात पिठात हात घालून बसले होते. मुलगा दीड वर्षाचा, नुकता दोन-तीन शब्द बोलणारा. व्हरांड्यात तो अक्काच्या मांडीवर होता आणि "पाणी, पाणी" म्हणत होता. मी ऐकत होते. तिच्या शेजारीच पेला भरून ठेवलेला होता, मीच ठेवला होता. तो रडायला लागला. मग अक्कानं हाक मारली, "इकडं ये गं स्वल्प. याला पाणी दे."

मी पिठाच्या हातानंच बाहेर गेले. मुलगा पेल्याकडं हात करत होता, आणि तिनं त्याचा हात धरून ठेवला होता.

"अक्का, पेला तुझ्याजवळच आहे."

"तू दे."

इतक्या वर्षांत मी हे बोलले नव्हते. त्या दिवशी माझ्यानं राहवलं नाही. मी तिच्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, "अक्का, मी तुला तेव्हाच सांगितलं होतं ना, त्या पाण्याचं काही नव्हतं म्हणून."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. लहानपणी माझं बटण लावून देताना बघायची तसंच.

"सांगितलंस की," ती म्हणाली. "पण आधी थांबलीस."

मला रडू आलं, पण पेला पुढं करायचा होता. मी पिठाचा हात पदराला पुसला आणि पेला मुलाच्या तोंडाला लावला. अक्कानं मागून त्याचं डोकं धरलं, ठसका लागू नये म्हणून. तो पाणी प्याला. प्रत्येक घोट खाली उतरेपर्यंत ती त्याच्या गळ्याकडं बघत होती.